असं समजा, काडी पेटवली

विज्ञानाचे सर वर्गात आले की आधी खडू मोडायचे. हजेरी नंतर, फळा पुसणं नंतर. डब्यातला नवा कोरा खडू उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सगळ्यांना दिसेल असा छातीसमोर आणायचा आणि कटकन मोडायचा. मग भुवया वर करून विचारायचं, "काय झालं?"

"भौतिक बदल," सगळा वर्ग एका सुरात.

"जोडला तर परत खडू होतो का? होतो. मग भौतिक. विषय संपला."

विषय खरंच तिथं संपायचा. जोडून मात्र त्यांनी कधी दाखवला नाही. दोन्ही तुकडे टेबलावर पडून राहायचे आणि तास सुटल्यावर ते मी गोळा करायचो. असा एखादा शिक्षक तुम्हालाही भेटला असणार. वीस वर्षं एकच वाक्य म्हणतो, आणि ते चुकीचं आहे हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

मी त्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होतो. वरवंडच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की आमची शाळा. परीक्षानळ्या धुणं, बाटल्या पुसणं, पोरांनी काही सांडलं तर ते निस्तरणं हे माझं काम. पोरं मला मामा म्हणायची. सर नुसतं 'तांबोळी' म्हणायचे. ते दौंडहून स्कूटरवर यायचे, पायाशी थर्मास, डोक्यावर टोपी, टोपीवर हेल्मेट. एम.एस्सी. झालेले होते, आणि हे ते कुणाला विसरू द्यायचे नाहीत. कपाटाची किल्ली खरं तर माझ्याकडं असायला हवी होती. ती सरांच्या पट्ट्याला असायची.

कपाट उघडायचं ते तपासणीच्या आदल्या दिवशी, धूळ पुसायला. कारण सर प्रयोग करायचेच नाहीत. फळ्यावर परीक्षानळी काढायचे, तिच्याखाली स्पिरिटचा दिवा काढायचे आणि म्हणायचे, "असं समजा, काडी पेटवली." पोरं समजायची. "असं समजा, धूर आला." पोरं धूर आला असं समजायची. पुढं रंग बदलला असं समजायचं, मग वास आला असं. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या कित्येक पोरांनी सगळं रसायनशास्त्र नुसतं समजून घेतलं, बघितलं काहीच नाही. सर आगपेटीला हात लावत नसत. सत्कार समारंभात समई लावायची वेळ आली की त्यांना नेमकी लघवीला लागायची. हे मी उगाच बोलत नाही, तीन वेळा मोजलंय.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. आकृती ते फार सुंदर काढायचे. पट्टी नाही, कंपास नाही. हात फळ्यावर टेकवायचा आणि परीक्षानळीची गोल बुडाची रेघ एका दमात अशी उतरायची की काच चमकल्यासारखी वाटावी. तास संपल्यावर तो फळा पुसायला माझं मन व्हायचं नाही. माणूस एवढी चांगली नळी काढतो आणि खऱ्या नळीला हात लावत नाही, याचा मला जास्तच राग यायचा.

आठवीतल्या एका मुलीनं एकदा त्यांना विचारलं, "सर, कागद फाडला तर परत जुळत नाही. मग तो रासायनिक बदल का नाही?"

प्रश्न चांगला होता. पुस्तकात त्याचं उत्तर दोन ओळींत दिलंय. कागद फाडला तरी तुकडा कागदाचाच राहतो, नवा पदार्थ काही तयार होत नाही. कागद जाळला की राख होते, ती कागद नसते. परत येणं, न येणं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. हे मी दहावी पास माणूस सांगतोय.

सर म्हणाले, "जुळतो. डिंक लाव. खाली बस."

स्टाफरूममध्येही तसंच. एकदा चहाला ठेवलेलं दूध पातेल्यात फाटलं. भूगोलाच्या मॅडम सहज म्हणाल्या, "सर, हा रासायनिक ना?" सर बिस्किट बुडवत म्हणाले, "मॅडम, भाषाच सांगते. दूध फाटलं. कागद फाटतो, कापड फाटतं, तसं दूध फाटलं. भौतिक. विषय संपला." सगळे हसले. मॅडमना वाटलं सर विनोद करतायत. मी कपबशा विसळत होतो आणि सरांचं तोंड बघत होतो. तो विनोद नव्हता.

गुऱ्हाळावर सहल नेली तेव्हाची गोष्ट तर मी किती जणांना सांगितली असेल. आमच्याकडं गुऱ्हाळांना तोटा नाही. शाळेपासून चालत जाता येईल असं एक होतं. मोठी काहील, तिच्यात उसाचा रस उकळतोय, आणि काहिलीशेजारी उघडाबंब गुळव्या, म्हणजे गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा कारागीर. पोरं रांगेत उभी. सर लांब, उसाच्या मोळ्यांपाशी.

गुळव्या म्हणाला, "सर, ह्यो रस आटतोय, त्यो तुमच्या पुस्तकातला कंचा बदल म्हणायचा?"

"भौतिक. पाणी उडून जातंय. दुसरं काय?"

"आन् त्यो रंग? हिरवट रस हुता, आता बघा तांबूस झाला. वास बी बदलला."

"भौतिकच. परत येतं का? गुळात पाणी घाला, परत रस."

गुळव्यानं झारा काहिलीच्या काठाला टेकवला. "मंग सर, येवढी पोरं आल्याती. मी गूळ देतो, पाणी देतो. तुमी तेवढा येक पेला उसाचा रस करून द्या. पोरं बी पितील, मी बी पितो."

पोरं हसली. सर हसले नाहीत. "वेळ झाली, चला," म्हणाले आणि पुढं चालायला लागले. त्या संध्याकाळी मी बायकोला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिला भाकरी थापता येईना इतकी ती हसली. मग सरांची गोष्ट सांगायची हा आमच्या घरातला नेमच झाला. मी आलो की ती विचारायची, "आज काय म्हणलं तुमचं येम्मेस्सी?" मला ते आवडायचं. एखाद्याला रोज कमी लेखायला मिळणं यातही एक सुख असतं. ते फुकटचं असतं आणि त्यासाठी स्वतः काही करावं लागत नाही.

आता मंगलताईंचं सांगतो.

मंगलताई आमच्याकडं साफसफाईला होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, हाडानं मजबूत, बोलायला रोखठोक. त्या वर्षी मोठी तपासणी यायची होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आठ दिवस आधीपासून सगळ्यांच्या मागं लकडा लावला होता. भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, सगळ्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. राहिले होते ते संडास. आमच्या बोअरचं पाणी असं जड की फरशीवर पिवळे थर बसलेले. मंगलताईंनी दुकानातून ॲसिड आणून फरशीवर ओतलं होतं, तरी डाग हलेनात.

दुपारची सुट्टी संपत आली तेव्हा त्या स्टाफरूमच्या दारात आल्या. हातात डबा होता. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टाकते ती टीसीएल पावडर, तिचा.

"सर, तुमी सायन्सचं म्हणून इचारते. फरशीवर आसिड टाकलंय. त्यात ही पावडर टाकली तर डाग निघत्याल का? काय हुणार न्हाई न्हवं?"

सर डबा खात होते. मान वर न करता म्हणाले, "टाका की. पावडर पाण्यात मिसळली काय, ॲसिडात मिसळली काय. मिश्रण म्हणजे भौतिक बदल. मिश्रणाला काय होतंय?"

मी तिथंच होतो. खिडकीत उभा राहून तपासणीसाठी काढलेला मानवी सांगाडा ओल्या फडक्यानं पुसत होतो. मला माहीत होतं. पाबळला मी महिनाभर कामाचं शिक्षण घेतलं होतं, तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ॲसिड आणि ही पावडर एका खोलीतसुद्धा ठेवायची नाही, त्यातून विषारी वायू निघतो. मला नीट आठवत होतं. आणि त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आज लिहून ठेवतो. माझ्या मनात आलं, गाढव परत बोललं. आज घरी सांगायला चांगली गोष्ट मिळाली.

मंगलताई वळून गेल्या. मला वाटलं, सांगाड्याचा हात तेवढा बसवू, मग त्यांना गाठून सांगू. हाताचा स्क्रू बसेना. पाच मिनिटं गेली असतील, फार तर सात.

मग खोकला ऐकू आला. नेहमीचा नाही. कुणीतरी आतून कापड टरकावतंय असा. मी पळालो. संडासाच्या दारातून पिवळसर हिरवी हवा बाहेर येत होती आणि ती नाकात गेली तसं माझा घसाच मिटला. फडकं ओलं होतंच, ते तोंडाला बांधलं आणि आत शिरलो. मंगलताई दाराच्या आतच गुडघ्यावर बसलेल्या. काखेत हात घालून त्यांना ओढलं. झेंड्याच्या कट्ट्यापाशी मोकळ्या हवेत आणून टेकवलं. ओठ निळे पडले होते. तोंडातून फेस येत होता. त्या माझा हात धरून काहीतरी सांगायला बघत होत्या आणि शब्दच निघत नव्हता.

पोरं वर्गांतून बाहेर यायला लागली. शिक्षक धावले. कुणी पाणी आणलं, कुणी पिकअपवाल्याला फोन केला. सर व्हरांड्याच्या टोकाला उभे होते. त्यांनी बघितलं. सगळं बघितलं. मग ते वळले, आठवीच्या वर्गात गेले आणि दार लावून घेतलं.

आम्ही मंगलताईंना पिकअपमध्ये चढवत होतो तेव्हा त्या बंद दारातून मुलांचा आवाज येत होता.

"बर्फ वितळणे."

"भौतिक बदल."

"काच फुटणे."

"भौतिक बदल."

नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणून घेत होते.

मंगलताई दौंडच्या दवाखान्यात आठ दिवस होत्या. वाचल्या. पण छाती गेली ती गेलीच. चुलीपुढं बसता येईना, जिना चढता येईना. फोडणीचा वास आला तरी ढास लागायची. त्या घरी आल्यावर शाळेत चौकशी झाली. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये सर, मी, आणि खुर्चीत मंगलताई, पदर तोंडाला लावून.

मंगलताई म्हणाल्या, "मी सरांस्नी इचारलं. त्यांनी टाका म्हणलं."

सर म्हणाले, "मी असं काही बोललोच नाही. शिकलेला माणूस असं सांगेल का? बाई अडाणी आहेत, त्यांनी मनानं केलं."

"मनानं?" मंगलताई म्हणाल्या आणि त्यांना ढास लागली. दोन-तीन मिनिटं आम्ही तिघं त्यांचा खोकला संपायची वाट बघत बसलो. सर टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते.

मोठ्या बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. सर काय म्हणाले ते शब्द न् शब्द सांगितलं. सांगताना मला मोठा दिलासा वाटत होता. इतक्या वर्षांचं सगळं एकदाचं बाहेर पडत होतं.

मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तांबोळी, तुम्ही तिथंच होता ना? यातून वायू निघतो हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय, बाई."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

मी सांगाड्याचं सांगितलं. स्क्रूचं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. त्या काही चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रकरण मिटलं, जशी शाळांतली प्रकरणं मिटतात. कागदावर 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात' असं आलं. माझ्या साक्षीमुळं एवढंच झालं की मंगलताईंची नोकरी गेली नाही. त्यांना साफसफाईवरून काढून घंटा आणि गेट दिलं. पण गावात बोलायचं ते लोक बोललेच. त्यांची जाऊसुद्धा म्हणायची, "येवढं बी कळू ने व्हय बाईमाणसाला?" मंगलताई मला एकदा म्हणाल्या, "छाती गेली त्याचं काय न्हाई मामा. पर मला येडी ठरीवलं."

सर पहिल्यासारखेच येत राहिले. थर्मास, टोपी, हेल्मेट. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. बायकोला गोष्टी सांगणंही बंद झालं होतं. तिनं एक-दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

मग पावसाळ्यानंतर कधीतरी एका मधल्या सुट्टीत सर प्रयोगशाळेत आले. दार अर्धवट लोटून घेतलं. पट्ट्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मामा," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "त्या दिवशी काय झालं असेल ते जरा करून दाखवता का? लांबून."

"ते दाखवायचं नसतं, सर. माणूस मरतो त्यानं."

"मग दुसरं काही दाखवा. ज्यात नवीन काही तयार होतं असं."

मला वाटलं होतं नाही म्हणावं. म्हणावं, तुम्ही एम.एस्सी., मी दहावी. पण मी कपाट उघडलं. मोरचूद काढलं, डाळिंबवाले फवारतात तेच निळे खडे. परीक्षानळीत पाणी घेऊन विरघळवलं, घासलेला लोखंडी खिळा दोऱ्याला बांधून त्यात सोडला. सर तीन हातांवर उभे होते. मग दोन. मग स्टूल ओढून समोर बसले. वर्षानुवर्षं जी नळी त्यांनी फळ्यावर काढली होती तीच नाकापुढं, आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. त्या हातांकडं बघून मला कळलं की हा माणूस आळशी नव्हता. त्याला भीती वाटत होती. सगळ्याच गोष्टींची. मला त्यांची कीव आली असं म्हणायला मला आवडलं असतं. आली थोडी. पण भीती तर मंगलताईंनाही वाटली असणार, त्या गुडघ्यावर बसल्या होत्या तेव्हा.

खिळ्यावर तांबडी साय धरली. पाण्याचा निळा रंग उतरायला लागला.

"आता हा खिळा परत..." सर म्हणाले आणि थांबले.

"न्हाई, सर."

घंटा झाली. मंगलताईंनीच दिली. सर उठून तासाला गेले. किल्ली टेबलावरच राहिली, ती त्यांनी पुन्हा मागितली नाही. पण मुलांना काही सांगितलं का, चूक कबूल केली का, मंगलताईंपुढं जाऊन उभे राहिले का? काही नाही. खडू मोडायचं तेवढं बंद झालं. पुस्तकातला धडा खाली मान घालून वाचून दाखवायचे आणि जायचे.

दुसऱ्या वर्षी ते निवृत्त झाले. शाळेच्या हॉलमध्ये निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. त्यांच्या शिकवण्याबद्दल तीन जण बोलले, आणि तिघांनाही उदाहरण म्हणून आठवले ते त्यांचे फळ्यावरचे हात. मी शेवटच्या रांगेत होतो. मंगलताई दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पेढ्यांचा डबा घेऊन.

सर बोलायला उठले. खिशातून कागद काढला, उघडला, पुन्हा घडी घालून खिशात ठेवला.

"मंगलताईंना पावडर टाका म्हणून मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "त्यांनी मनानं केलं नव्हतं. मी खोटं बोललो."

एवढंच. खाली बसले. सरपंच मोबाईल बघत होते, त्यांनी मान वर केली. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "चहा घेऊ या सगळ्यांनी."

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? पेन्शनचे कागद मंजूर झाल्यावर बोलला. आता बोलायला काय जातंय? हे खरंही होतं. मी ते बोलून दाखवायला मंगलताईंपाशी गेलो.

"ऐकलं का?"

"ऐकलं."

"आत्ता बोलून काय उपयोग? तुम्हाला ठाऊकच होतं की."

"मला ठावं हुतं. बाकीच्यास्नी न्हवतं," त्या म्हणाल्या. पेढ्यांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला, दमानं श्वास घेतला. "मामा, पावडरीचं तुमाला बी म्हाईत हुतं न्हवं तवा? तुमी खिडकीत हुता."

केबिनमध्ये त्यांनी ते ऐकलं होतं, पण दोन वर्षं मला कधी विचारलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि त्या गेटाकडं गेल्या.

आमचं गेट लोखंडी, रुळावर सरकणारं. एका बाजूचं चाक गंजून रुळातून उतरलेलं, त्यामुळं ते उघडायला दोन माणसांचं बळ लागतं. या सगळ्या काळात रोज सकाळी सरांची स्कूटर आली की मंगलताई उठायच्या, खांदा लावून ते लोटायच्या आणि मग बराच वेळ स्टुलावर बसून खोकत राहायच्या. सर समोर बघत आत जायचे.

त्या दिवशी सर स्कूटरवर बसून गेटापर्यंत आले. अंगावर शाल, पायाशी नारळ आणि थर्मास. मी हॉलच्या पायरीवर पेढ्यांचा डबा घेऊन उभा होतो. मंगलताई स्टुलावर बसलेल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

सरांनी हॉर्न दिला नाही. थोडा वेळ तसेच बसले, मग स्कूटर स्टँडला लावली. दोन्ही हातांनी गेट धरलं. ते हललं नाही. त्यांनी पाय रोवले, खांदा लावला, शाल घसरून खाली पडली. गेट थोडं सरकलं, अडकलं, पुन्हा थोडं सरकलं. स्कूटर जाईल एवढी फट व्हायला पुष्कळ वेळ लागला. त्यांनी स्कूटर ढकलत बाहेर नेली, परत आत आले, शाल उचलून काखेत धरली आणि बाहेरून गेट ओढायला लागले, दमानं, एक-एक वीत.

मी गेलो असतो तर ते लवकर लागलं असतं. मी पायरीवरच उभा राहिलो. मंगलताई स्टुलावरून बघत होत्या. गेट पुरतं लागलं, सरांनी बाहेरून हात घालून कडी चढवली, आणि दौंडच्या रस्त्यानं निघून गेले.